महिन्याभराचं एक मिनिट

वाटाण्याचा वेल काठीला धरून वर चढतो, यात नवल कसलं? नवल आहे ते त्याच्या आधीच्या गोष्टीत. काठी नेमकी कुठे आहे, हे त्याला कळतं कसं? डोळे नाहीत, कान नाहीत, विचारायला कोणी नाही. तर तो चक्क चाचपडतो. अंधाऱ्या खोलीत दिव्याचं बटण शोधणाऱ्या हातासारखे त्याचे कोवळे तंतू हवेत गोल गोल फिरत असतात. काठी लागली की विळखा घालतात. नाही लागली तर पुन्हा फेरा.

मग हे आपल्याला दिसत का नाही? कारण एका फेऱ्याला तास-दीड तास लागतो. शाळेची तासिका पस्तीस मिनिटांची. घंटा होईल, मुलं डबे उघडतील, आणि कुंडीतला तंतू अजून निम्म्या वाटेवर असेल. डोळ्यांसमोर हालचाल चाललेली असते आणि डोळे म्हणतात, वेल तर स्तब्ध आहे!

चार्ल्स डार्विनला हे छळत होतं. त्याने उपाय काढला तो असा: रोपाच्या टोकाला काचेचा अगदी बारीक धागा चिकटवायचा, समोर काचेचं तावदान उभं करायचं आणि टोक जिथे दिसेल तिथे तावदानावर ठिपका द्यायचा. थोड्या वेळाने पुन्हा ठिपका. मग ठिपके जोडायचे. रोपाने हवेत काढलेलं वेडंवाकडं चित्र कागदावर उतरायचं. मुलगा फ्रान्सिस मदतीला होता आणि १८८० साली या सगळ्याचं जाडजूड पुस्तक झालं. चिकाटीला दाद द्यावी तेवढी थोडी. पण ठिपके म्हणजे हालचाल नव्हे. वेल हलताना डार्विनलाही दिसला नव्हता.

पंधरा वर्षांतच चित्रपटाचा कॅमेरा आला आणि त्याच्या पोटात या कोड्याचं उत्तर आयतंच होतं.

चित्रपट हा डोळ्याला दिलेला चकवा आहे. त्या काळी सेकंदाला साधारण सोळा चित्रं घ्यायची आणि सोळाच दाखवायची, की पडद्यावरचा माणूस माणसासारखा चालू लागे. आता यातली एकच बाजू बदला. दाखवायचा वेग सोळाच ठेवा, पण घेताना दर सेकंदाला सोळाऐवजी पाऊण तासाला एकच चित्र घ्या. काय होईल? अख्खे बारा तास एका सेकंदात मावतील. वेलाला घाई झालेली नाही, फुलाला घाई झालेली नाही, बदललंय ते फक्त आपलं घड्याळ. जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०० च्या सुमारास विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी अशी चित्रं घेतली. लंडनमध्ये पर्सी स्मिथ या हौशी माणसाने १९१० मध्ये कळ्यांची फुलं होताना दाखवली. हा स्मिथ ब्रिटनच्या शिक्षण खात्यात कारकून होता. चित्रपटाने शिकवता येईल, हे त्याने साहेबांना सांगून पाहिलं. साहेबांना पटलं नाही.

आणि आता मुंबई, १९१२. धुंडिराज गोविंद फाळके लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतले आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’ अजून डोक्यातच आहे. पैसा हवा, आणि पैसेवाल्याला विश्वास हवा की हा माणूस खरोखर चित्र हलवून दाखवेल. अशा वेळी फाळक्यांनी काय चित्रित करावं? राजा नाही, राणी नाही, देव नाही. कुंडीत पेरलेला वाटाणा! दाणा रुजतो, कोंब फुटतो, वेल होतो. ‘अंकुराची वाढ’. भारतीय कथापटाचा जनक म्हणून ज्यांचं नाव घेतो, त्यांनी सावकाराला दाखवायला नेला तो शाळेतल्या विज्ञानाचा धडा होता. आणि कर्ज मिळालं!

रोज एक चित्र, असं महिनाभर घेऊन मिनिटभराची फिल्म झाली, अशी हकिकत नेहमी सांगितली जाते. जरा पेन्सिल घ्या. मिनिटभराच्या फिल्मला सेकंदाला सोळाप्रमाणे ९६० चित्रं लागतात. रोज एक घेतलं तर महिन्याची तीस होतात, म्हणजे पडद्यावर दोन सेकंदसुद्धा नाहीत. वाटाणा डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपायचा. तीस दिवसांत ९६० हवी असतील तर रात्रंदिवस दर पाऊण तासाला एक चित्र घ्यायला हवं, आणि फक्त दिवसा घ्यायची म्हटली तर त्याच्या निम्म्या अंतराने. तेव्हा एक तर फिल्म सांगतात त्याहून खूपच छोटी असणार, नाहीतर फाळके सांगतात त्याहून खूपच जास्त वेळा त्या कुंडीपाशी गेले असणार. माझा कौल दुसऱ्या बाजूला. दोन सेकंदांच्या फिल्मवर कुठला सावकार पैसे देतो?

आणि प्रत्येक वेळी कॅमेरा केसभरही हलता कामा नये. प्रकाश कमीजास्त झाला तर पडद्यावर लुकलुक. महिनाभर घरात कुणाचा धक्का लागता कामा नये, कुंडीला पाणी घालणाऱ्याचासुद्धा!

एवढं सगळं साधलं, तरी फिल्म वर्गात नेणं सोपं नव्हतं. अडचण पैशाची होती तशीच आगीचीही. त्या काळची फिल्म नायट्रोसेल्युलोजची असे, म्हणजे बंदुकीच्या धूरविरहित दारूची सख्खी बहीण. जळायला लागणारा प्राणवायू तिच्या आतच असतो. त्यामुळे पेटलेलं रीळ पाण्यात बुडवलं तरी जळत राहतं. असलं रीळ आणि तापलेला दिवा पन्नास मुलांच्या मधोमध ठेवायची कुणाची छाती होईल? १९२३ साली कोडॅकने सहज न पेटणारी, १६ मिलिमीटर रुंदीची फिल्म बाजारात आणली. आता हा सोळा आकडा पाहा. थिएटरातली फिल्म ३५ मिलिमीटरची. ती मधोमध चिरली तर साडेसतराच्या दोन पट्ट्या होतात, सोळाच्या होत नाहीत. म्हणजे कुणी चलाखी करून जुनी पेटणारी फिल्म कापून शाळेच्या यंत्रात घालू म्हटलं, तर ती बसायचीच नाही! पुढची काही दशकं जगभरच्या वर्गांत जो प्रोजेक्टर खडखडला, तो बहुतेक या सोळाचाच.

वेळेची घडी घालणं ही झाली कॅमेऱ्याची एक करामत. दुसरी त्याहून साधी आहे आणि मला विचाराल तर त्याहून चक्रावणारी: कॅमेरा कुठे उभा आहे?

१९६० साली अमेरिकेतल्या शाळांच्या भौतिकशास्त्रासाठी ‘फ्रेम्स ऑफ रेफरन्स’ नावाची कृष्णधवल फिल्म झाली. टोरांटो विद्यापीठाचे दोन प्राध्यापक, ह्यूम आणि आयव्ही, तीत आहेत. सुरुवातीलाच एक सरळ दिसतो, दुसरा छताला पाय लावून उलटा. दोघांत वाद जुंपतो, उलटा कोण? आपण हसतो, उत्तर तर उघड आहे. आहे का? कॅमेराच उलटा धरलेला असेल तर?

मग येते खरी गंमत. सरळ रेषेत पळणाऱ्या एका गाड्यावरून पोलादी गोळी खाली सोडतात. गाड्यावर बसवलेला कॅमेरा सांगतो, गोळी सरळ खाली पडली. जमिनीवर उभा असलेला कॅमेरा सांगतो, छे, ती तर कमानीसारखी वळत गेली. गोळी एक, पडणं एक, वाटा दोन. खरी कोणती? दोन्ही! फळ्यावर हे दोन आकृत्या काढून सांगता येतं, आणि मुलं ते पाठ करून परीक्षेत लिहितातही. पण एकच गोळी आपल्याच डोळ्यांनी दोन वाटांनी पडताना पाहिली, की मग लोकलमध्ये वर उडवलेला शेंगदाणा परत हातातच का येतो, हे पाठ करावं लागत नाही.

तिसरी करामत अंतराची. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याची ‘पॉवर्स ऑफ टेन’ ही १९७७ ची फिल्म जेमतेम नऊ मिनिटांची आहे. शिकागोत तळ्याकाठी सहलीला आलेली दोन माणसं, वरून पाहिलेली. चौकट एक मीटरची. तिथून कॅमेरा वर निघतो, असा की दर दहा सेकंदांनी दृश्य दहापट रुंद. दहा सेकंदांनी दहा मीटर, वीस सेकंदांनी शंभर. एवढंच ना? चाळिसाव्या सेकंदाला चौकटीत दहा किलोमीटर असतात. सव्वा मिनिटात अख्खी पृथ्वी. चार मिनिटांत आपली आकाशगंगाही एक ठिपका होऊन जाते. मग तोच प्रवास उलटा, माणसाच्या हाताच्या कातडीतून आत, थेट कार्बनच्या अणूतल्या प्रोटॉनपर्यंत. दहाचा घात म्हणजे काय, हे समजावून सांगायला याहून कमी शब्द कुणी वापरले असतील असं वाटत नाही. कल्पनेचं मूळ मात्र एका वर्गात आहे. नेदरलँड्समधले शिक्षक केस बूके यांनी आपल्या शाळेतल्या मुलांबरोबर अशी चित्रं काढून पाहिली होती. त्यांच्या १९५७ च्या पुस्तकात सहलीच्या जागी शाळेपुढे मांजर घेऊन बसलेली मुलगी आहे.

या तिन्ही फिल्मांत गुरुजी करू शकणार नाहीत असं काहीतरी आहे, म्हणून त्या लक्षात राहिल्या. पडद्यावर एक माणूस फळ्यापुढे उभा राहून बोलतोय, अशा फिल्मा तेव्हाही ढिगाने निघाल्या आणि आजही मोबाइलवर निघतात. त्यासाठी कॅमेरा कशाला हवा होता, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. थॉमस एडिसनला तर १९१३ मध्येच खात्री होती की दहा वर्षांत शाळा पार बदलतील, पुस्तकं हद्दपार होतील आणि सगळं डोळ्यांनी शिकवलं जाईल.

पुस्तकं काही गेली नाहीत. आणि आपल्याकडे तर उलटाच प्रकार घडला. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह आपल्यासाठी उसना मिळाला. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट आकाशातून चित्र उतरू लागलं. ते झेलायला तीन मीटर व्यासाची ताटली होती, आणि तिला लावलेली होती कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी! एका चित्राबरोबर दोन आवाज पाठवायची सोय असल्याने एकच दृश्य दोन भाषांत ऐकता येई. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता, पण मुलांच्या विज्ञानाचे कार्यक्रम बनत ते मुंबईच्या स्टुडिओत.

सकाळी गावातल्या टीव्ही संचापुढे मुलं बसत, आणि सुट्टीत मास्तर. जवळपास पन्नास हजार प्राथमिक शिक्षकांना याच उपग्रहावरून विज्ञान कसं शिकवायचं याचे धडे दिले गेले. आधी पडद्यावर पाहायचं, मग संच बंद करून गावात मिळेल त्या सामानातून तोच प्रयोग स्वतः करायचा.