संकेतस्थळाचे नाव आणि जागा : संस्थांनी घ्यावयाची दक्षता

गावचे वाचनालय, शाळा, देवस्थान किंवा सहकारी संस्था यांचे स्वतःचे संकेतस्थळ असावे, ही अपेक्षा आता नवी राहिलेली नाही. प्रवेशाच्या तारखा, वार्षिक सभेची सूचना, ग्रंथांची यादी, उत्सवाचा कार्यक्रम ही माहिती परगावी राहणाऱ्या गावकऱ्यांनाही त्यामुळे घरबसल्या मिळते. तथापि संकेतस्थळ सुरू करताना दोन निर्णय घ्यावे लागतात आणि त्यांचे परिणाम पुढे अनेक वर्षे टिकतात. पहिला निर्णय नावाचा व दुसरा जागेचा. हे दोन निर्णय परस्परांहून वेगळे आहेत, याची जाणीव नसल्यामुळे पुष्कळ संस्थांची पुढे अडचण होते.

नाव आणि जागा यांतील भेद

इंटरनेटवरील प्रत्येक संगणकाला आकड्यांचा पत्ता असतो. असे आकडे माणसाच्या लक्षात राहणे कठीण, म्हणून १९८३ साली नावांची पद्धती अस्तित्वात आली. वाचकाने नाव लिहिले की त्या नावापुढे कोणता आकडी पत्ता नोंदलेला आहे, हे शोधून त्यास योग्य ठिकाणी पोहोचविले जाते. या नावास ‘डोमेन’ म्हणतात. संकेतस्थळाची पाने ज्या अहोरात्र चालणाऱ्या संगणकावर ठेवतात, त्या भाड्याच्या जागेस ‘होस्टिंग’ म्हणतात.

डोमेन ही दारावरची पाटी होय आणि होस्टिंग ही भाड्याची खोली होय. खोली गैरसोयीची वाटली तर ती सोडून दुसरी घेता येते. नोंदवहीत नवा पत्ता लिहिला की वाचक जुन्याच नावाने नव्या जागी पोहोचतो. मात्र पाटीच दुसऱ्याच्या मालकीची असेल, तर खोली कितीही उत्तम असून उपयोग नाही.

नोंद कोणाच्या नावे?

नेहमी घडणारा प्रकार असा : गावातील एखादा हौशी तरुण स्वखर्चाने संस्थेसाठी नाव नोंदवितो. नोंदीत त्याचेच नाव, त्याचाच ईमेल व मोबाईल क्रमांक असतो. पुढे तो नोकरीनिमित्त परदेशी जातो. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहतात आणि कोणी त्या वाचीत नाही. मुदत टळते, सवलतीचा काळ संपतो आणि ते नाव कोणासही घेण्यास मोकळे होते. मग संस्थेच्या पत्रशीर्षावर व फलकावर छापलेल्या पत्त्यावर एखाद्या दिवशी जुगाराची जाहिरात दिसू लागते. यात तरुणाचा हेतू वाईट नसतो. दोष असतो तो नोंदीच्या पद्धतीत.

डोमेन कायमचे विकत मिळत नाही. ते साधारणतः एक ते दहा वर्षांच्या मुदतीने नोंदले जाते. यास्तव नोंद संस्थेच्याच नावे असावी, ईमेल पदाधिकाऱ्याचा खाजगी नसून संस्थेचा असावा आणि नूतनीकरणाची तारीख कार्यालयातील दिनदर्शिकेवर लिहिलेली असावी. शक्य असल्यास एकाच वेळी अनेक वर्षांचे शुल्क भरणे हिताचे ठरते.

नाव कसे असावे?

नाव लहान, उच्चारास सोपे आणि दूरध्वनीवरून सांगता येईल असे असावे. गोव्यात याबाबत विशेष विचार करावा लागतो, कारण गावांची रोमन रूपे उच्चाराशी जुळत नाहीत. रोमन लिपीत डिचोलीच्या आरंभी ‘बी’ येतो, तर पेडण्याच्या शेवटी ‘एम’ येतो. वाचक उच्चाराप्रमाणे लिहील की सरकारी फलकाप्रमाणे, हे आधी ताडून पाहावे आणि परवडत असल्यास दोन्ही रूपे नोंदवावीत. ‘डॉट भारत’ या शेवटासह देवनागरीतील नावे २०१४ सालापासून उपलब्ध आहेत. मराठी वाचकांसाठी ती सोयीची आहेत; परंतु ईमेलच्या सर्वच व्यवस्था अशी नावे स्वीकारीत नाहीत, म्हणून रोमन नावही सोबत ठेवावे.

नावाचा शेवटही महत्त्वाचा आहे. ‘जीओव्ही डॉट इन’ हा शेवट केवळ शासकीय कार्यालयांसाठी राखीव असून तो राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रामार्फत मिळतो. ‘एसी डॉट इन’ व ‘ईडीयू डॉट इन’ हे शेवट शिक्षणसंस्थांसाठी आहेत. ‘डॉट इन’ हा शेवट २००५ सालापासून सर्वांसाठी खुला आहे. शेवट पाहून विश्वास ठेवता यावा, याच हेतूने रिझर्व्ह बँकेने २०२५ साली बँकांना ‘बँक डॉट इन’ या शेवटाकडे वळण्याचे आदेश दिले.

जागेची निवड

लहान संस्थेस बहुधा सामायिक होस्टिंग, म्हणजे अनेकांनी मिळून वापरावयाचा संगणक, पुरेसे असते. किती वाहतूक लागेल, याचा हिशेब सोपा आहे. एका पानावर दोन मेगाबाइटची दोन छायाचित्रे असतील आणि रोज शंभर वाचक प्रत्येकी पाच पाने पाहतील, तर दिवसाला सुमारे दोन व महिन्याला साठ गिगाबाइट वाहतूक होते. तीच छायाचित्रे प्रत्येकी २०० किलोबाइटपर्यंत लहान केल्यास महिन्याची वाहतूक सहा गिगाबाइटवर येते. म्हणजे मोठी जागा घेण्यापूर्वी छायाचित्रे लहान करावीत.

सेवा ९९ टक्के वेळ चालू राहील, हे आश्वासन ऐकण्यास चांगले वाटते. पण त्याचा अर्थ वर्षात साडेतीन दिवसांहून अधिक काळ संकेतस्थळ बंद राहू शकते. ९९.९ टक्क्यांच्या आश्वासनात हा काळ पावणेनऊ तासांच्या आसपास येतो. याखेरीज पुढील गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : पहिल्या वर्षाच्या सवलतीनंतर नूतनीकरणाचा दर किती, सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते काय, सर्व मजकुराची प्रत दररोज काढली जाते काय, आणि जागा सोडताना ती प्रत संस्थेच्या हाती मिळेल काय. यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असल्यास ती जागा घेऊ नये. मजकुराची एक प्रत संस्थेच्या स्वतःच्या संगणकावरही असावी.

दप्तरातील नोंद

डोमेन कोठे नोंदले, होस्टिंग कोणाकडे आहे, दोहोंची मुदत केव्हा संपते व खात्यांचा ताबा कोणाकडे आहे, हे कार्यकारिणीच्या ठरावाने दप्तरात नोंदवावे. परवलीचे शब्द मात्र इतिवृत्तात न लिहिता बंद पाकिटात ठेवावेत. सचिव बदलताना शिक्का, पावतीपुस्तक व कपाटाच्या किल्ल्या यांबरोबर हे पाकीटही नव्या सचिवाच्या स्वाधीन करावे आणि त्याच दिवशी परवलीचे शब्द बदलावेत. एवढी शिस्त पाळली, तर पदाधिकारी बदलले आणि जागा बदलली तरी संस्थेचा पत्ता संस्थेकडेच राहील.