व्याज पुरते म्हणून नोकरी सोडावी का?

पन्नाशी ओलांडलेल्या नोकरदाराच्या डोक्यात एक हिशेब सतत चालू असतो. भविष्य निर्वाह निधीत इतके, ग्रॅच्युइटीचे इतके मिळतील, बँकेत मुदत ठेवी इतक्या, बायकोच्या नावाने पोस्टात इतके. या सगळ्याचे महिन्याचे व्याज घरखर्चाइतके होते का? होत असेल तर राजीनामा द्यायला हरकत नाही, असे त्याला वाटू लागते. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर राहायचे, हे आपल्या मध्यमवर्गाचे जुने सूत्र आहे आणि त्यात काटकसरीचा एक रास्त अभिमानही आहे. पण निवृत्तीची तारीख ठरवायला हे सूत्र जवळजवळ निरुपयोगी आहे, असे माझे मत आहे. व्याजातला मोठा भाग उत्पन्न नसतोच. महागाईने मुद्दलाची वर्षभरात जी झीज होते, तिची ती भरपाई असते. ती खर्चून टाकणे म्हणजे पेरणीसाठी राखलेले बियाणे दळून खाणे.

आकडे मांडून पाहू. पुण्यात स्वतःच्या घरात राहणारे साठीचे जोडपे घ्या. महिन्याचा खर्च ५० हजार, म्हणजे वर्षाला ६ लाख. गाठीशी ८० लाख आहेत आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजना, पोस्ट, बँक अशी सरमिसळ करून त्यावर सरासरी साडेसात टक्के मिळतात. व्याज बरोबर ६ लाख. आता खर्च दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढतो असे धरा. पहिल्या वर्षाअखेर ८० लाख जसेच्या तसे असतात. पाचव्या वर्षाअखेर सुमारे ७६ लाख उरतात, म्हणजे पाच वर्षांत जेमतेम ४ लाखांची घट. शेजारीपाजारी, मुले, स्वतः निवृत्त झालेला माणूस, सगळ्यांनाच हिशेब जमला असे वाटते. दहाव्या वर्षाअखेर मात्र ५७ लाख उरलेले असतात, बाराव्या वर्षाअखेर ४३ लाखांच्या आत, आणि सोळाव्या वर्षी खाते रिकामे होते. तेव्हा वय असते शहात्तर. या योजनेतला खरा धोका तिच्या वेळापत्रकात आहे. चूक लक्षात येते ती सत्तरीत, आणि त्या वयात पुन्हा नोकरी कोणी देत नाही. पंचावन्नाव्या वर्षी हीच चूक कळली असती तर ती सुधारता आली असती.

महागाई ६ टक्के धरणे म्हणजे उगाच भीती घालणे आहे, असे कोणी म्हणेल. रिझर्व्ह बँकेपुढचे लक्ष्य ४ टक्क्यांचे आहे आणि ६ टक्के ही त्याची वरची मर्यादा आहे. २०२२-२३ मध्ये सरासरी महागाई त्या मर्यादेच्याही वर होती. २०२५ मध्ये ती खूप खाली आली, हे खरे. पण त्याच वर्षी फेब्रुवारी ते डिसेंबरमध्ये रेपो दर साडेसहावरून सव्वापाचवर आला आणि बँकांचे ठेवींचे दरही त्यामागोमाग उतरले. महागाई आणि व्याज साधारणपणे एकाच दिशेला जातात, त्यामुळे यातला एकेक आकडा सुटा पाहून काही कळत नाही. पाहायचा तो दोन्हींतला फरक. वरच्या उदाहरणात तो दीड टक्का आहे, आणि सुरक्षित ठेवींच्या बाबतीत हा अंदाज कंजूष मुळीच नाही. ‘आमच्या वेळी पीपीएफला १२ टक्के मिळत होते’ ही हळहळ नेहमी ऐकू येते. १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत तो दर खरोखरच १२ टक्के होता आणि एप्रिल २०२० पासून तो ७.१ आहे. पण १९९१ आणि १९९८ या दोन्ही वर्षी महागाई १३ टक्क्यांच्या घरात होती. म्हणजे ज्या दिवसांची आठवण काढून उसासे टाकले जातात, त्यातल्या काही वर्षांत ठेवीदार व्याज मोजता मोजता गरीबच होत होता.

सरकारी कर्मचाऱ्यांना ही गोष्ट आपल्या अर्थसल्लागारांपेक्षा आधी उमगली असावी. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागलेल्यांची जुनी निवृत्तिवेतन योजना बंद झाली. ती परत मिळावी म्हणून मार्च २०२३ मध्ये राज्यातले लाखो कर्मचारी संपावर गेले, तेव्हा शेवटच्या पगाराच्या निम्म्या रकमेचीच चर्चा फार झाली. जुन्या पेन्शनची खरी ताकद त्या निम्म्या रकमेपेक्षा तिच्यावर मिळणाऱ्या महागाई भत्त्यात आहे. महागाईचा बोजा तिथे सरकार उचलते. खासगी नोकरीतल्या माणसाला तो एकट्याने उचलावा लागतो आणि त्याच्या वाट्याला येणारी निवृत्तिवेतने या बाबतीत अगदी लंगडी आहेत. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे ईपीएस-९५ मध्ये, निवृत्तिवेतन काढताना पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागतात. सप्टेंबर २०१४ पासून त्यासाठी धरला जाणारा पगार १५ हजारांवर थांबवला आहे. या मर्यादेत राहिलेल्या माणसाला ३५ वर्षांच्या नोकरीनंतरही महिन्याला साडेसात-आठ हजार मिळतात आणि त्यावर महागाई भत्ता नाही. अटल पेन्शन योजनेची जास्तीत जास्त हमी ५ हजारांची. आज तिशीत असलेल्याला हे ५ हजार साठीला मिळतील तेव्हा ६ टक्के महागाईने त्यांची आजच्या भावातली किंमत नऊशेच्याही आत आलेली असेल.

मग हिशेब करायचा कसा? रकमेत करू नये, खर्चाच्या पटीत करावा. वरच्या जोडप्याकडे वार्षिक खर्चाच्या १३ पट पैसा आहे. नव्वदीपर्यंत, म्हणजे तीस वर्षे पुरण्यासाठी दीड टक्क्याच्या फरकाने किमान २३ पट हवा, म्हणजे १ कोटी ४० लाखांच्या आसपास. व्याज आणि महागाई यांत फरकच उरला नाही, तर गणित आणखी सोपे होते: तीस वर्षांसाठी तीस पट. अमेरिकेत विल्यम बेंगन या सल्लागाराने १९९४ मध्ये १९२६ पासूनची तिथली शेअर आणि सरकारी रोख्यांची आकडेवारी तपासली. पहिल्या वर्षी जमेच्या ४ टक्के काढायचे आणि पुढे ती रक्कम महागाईप्रमाणे वाढवत न्यायची, असे केले तर पैसा तीस वर्षे पुरतो, असे त्याने दाखवले. आपल्याकडे ‘२५ पट’ म्हणून जे सांगितले जाते त्याचा उगम इथे आहे. तो नियम तिथल्या बाजाराचा आणि तिथल्या महागाईचा आहे, हे सांगायला मात्र सल्लागार सहसा विसरतात.

नव्वदीपर्यंत कशाला, आपल्याकडे सरासरी आयुर्मान तर सत्तर आहे, अशी शंका इथे हमखास येते. ती सत्तरची सरासरी जन्माला आलेल्या बाळाची असते. बालपणी आणि तरुणपणी दगावलेले सगळे तिच्यात मोजलेले असतात. साठी गाठलेल्या भारतीयाला सरासरीने आणखी सुमारे अठरा वर्षे मिळतात, आणि सरासरी म्हटली की बरेच जण तिच्या पुढे जाणारच. शिवाय इथे एकाचा प्रश्न नाही. दोघांपैकी एकजण तरी पंच्याऐंशी ओलांडण्याची शक्यता एकट्यापेक्षा जास्त असते आणि आपल्याकडे बहुधा ती बायको असते: वयाने लहान, आयुष्याने लांब. ईपीएसमध्ये विधवेला साधारण निम्मेच निवृत्तिवेतन मिळते. नवऱ्याच्या वयावर बेतलेला हिशेब तिच्या शेवटच्या दहा वर्षांना पुरत नाही, आणि त्या वर्षांतले निर्णय तिला एकटीने घ्यायचे असतात. घरातले गुंतवणुकीचे कागद तिला माहीत नसणे हा आपल्याकडचा आणखी एक जुना रोग, पण तो विषय वेगळा.

म्हातारपणी खर्च कमी होतो, हा आक्षेप अर्धा खरा आहे. गृहकर्जाचे हप्ते संपतात, कपडालत्ता आणि येणे-जाणे घटते, पंचाहत्तरीनंतर सहलीही थांबतात. पण त्यांच्या जागी जे खर्च येतात, त्यांचे भाव भाजी-किराण्याच्या गतीने वाढत नाहीत. चोवीस तास माणूस ठेवायचा तर ब्युरो जी रक्कम सांगतो, ती अनेक घरांत सगळ्या किराण्याहून मोठी भरते. आरोग्य विम्याचे पाहा. जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामकाने ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी आपल्याशी सल्लामसलत करावी, असे कंपन्यांना बजावले आणि ही दिलासा देणारी बातमी म्हणून छापून आली. दिलासा आहेच, पण वर्षाला १० टक्के वाढ म्हणजे सुमारे सात वर्षांत हप्ता दुप्पट. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान भारतखाली ५ लाखांचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळाले आहे. ते जरूर घ्यावे. मात्र आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचे रुग्णालय त्या यादीत आहे की नाही, हे नोकरीत असतानाच पाहून ठेवावे. एकंदरीत, खर्च उतरत जाईल असे धरण्यापेक्षा तो तेवढाच राहील असे धरणे सुरक्षित.

त्याहून वजनदार आक्षेप शेअर बाजाराचा. ठेवींतून दीडच टक्का सुटतो तर म्युच्युअल फंडात पैसे टाकावेत आणि दहा-अकरा टक्क्यांनी हिशेब मांडावा, असे तरुण पिढी म्हणते. वीस-पंचवीस वर्षे पुरवायच्या पैशातला काही भाग शेअर्समध्ये असायलाच हवा, हे मलाही मान्य आहे. नाहीतर तो दीड टक्का वाढणार कसा? पण दरमहा पैसे काढणाऱ्याच्या बाबतीत सरासरी परतावा फसवतो. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर होता आणि त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर साडेआठ हजारांपर्यंत घसरला. २०१० च्या अखेरीस तो पुन्हा जुन्या पातळीवर आला, म्हणून नुसते थांबून राहिलेल्याचे फारसे बिघडले नाही. पण जो २००८ च्या सुरुवातीला निवृत्त झाला आणि घरखर्चासाठी पडत्या भावात युनिट विकत राहिला, त्याच्याकडे भाव सावरले तेव्हा सावरायला युनिटच कमी उरले होते. म्हणून पहिल्या पाच-सात वर्षांचा खर्च ठेवींत आणि त्यापुढचा पैसा शेअर्समध्ये, ही विभागणी मला पटते. घराचे म्हणाल तर ज्यात राहतो ते घर कितीही कोटींचे असले तरी दूधवाल्याचे बिल भरत नाही. २००७ पासून तारण ठेवून उलट हप्ते घेण्याची, म्हणजे रिव्हर्स मॉर्टगेजची सोय आहे, पण मुलांना घर मिळावे या इच्छेपुढे ती आपल्याकडे रुजली नाही.

तर मग आणखी थोडी वर्षे नोकरी केली की सुटले, असेही नाही. पंचावन्नाव्या वर्षी ८० लाख जमा आणि ६ लाख वार्षिक खर्च असलेला माणूस पाच वर्षे थांबला आणि दरसाल ४ लाख बाजूला टाकत गेला, तर साठीला त्याच्याकडे सुमारे १ कोटी ३८ लाख असतात. आकडा भरघोस वाटतो. पण तोवर खर्चही ८ लाखांवर गेलेला असतो, म्हणजे पट १३ वरून जेमतेम १७ झाली. गरजेची पट मात्र २६ वरून २३ वर आली, कारण पुरवायची वर्षे पाचने कमी झाली. तूट निम्म्याहून खाली आली, मिटली नाही. आणि या पाच वर्षांची किंमत तब्येतीने मोजलेली असू शकते. ‘अजून एक वर्ष’ करत पासष्टी गाठणाऱ्यांची भीती व्यर्थ आहे, असे मी म्हणणार नाही. शिवाय खासगी कंपन्या पन्नाशीतच माणसाला घरी पाठवतात, तेव्हा थांबायचे की नाही हा प्रश्न बऱ्याचदा त्याच्या हातातही नसतो.

म्हणून शंभर टक्के नोकरी आणि शंभर टक्के निवृत्ती यांच्या मधल्या वाटा जास्त कामाच्या. १७ पट पैसा असलेल्या साठीच्या जोडप्याचे पैसे एक्क्याऐंशीपर्यंत पुरतात. त्यांनी पुढची पाच वर्षे शिकवण्या, हिशेबनिसाचे काम, सल्लागारी असे काही करून निम्मा खर्च भागवला, तर तेच पैसे चौऱ्याऐंशीच्या पुढे जातात. खर्च कायमचा दहा टक्क्यांनी कमी केला तरीही जवळपास तेवढाच फायदा होतो. मुंबई-पुण्यातून साताऱ्याला किंवा रत्नागिरीला जाऊन राहिले तर घरखर्च दहा टक्क्यांहून जास्तही उतरू शकतो, विशेषतः शहरातला फ्लॅट विकून किंवा भाड्याने देऊन गेल्यास. तिथून हृदयरोग विभाग असलेले चांगले रुग्णालय किती तासांवर आहे, हे मात्र घर पाहायला जाल त्याच दिवशी मोजून या.