थांबू नका जाऊ!

दोस्तांनो, परवा सोलापुरात आमच्या चौथीच्या वर्गात मी फळ्यावर तीनच शब्द लिहिले, ‘थांबू नका जाऊ’. स्वल्पविराम मुद्दामच दिला नाही. एका मुलीनं वाचलं, “थांबू नका, जाऊ!” लगेच मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, चुकलं! थांबू, नका जाऊ!” झालं, वर्गात दोन तट पडले! खरं तर दोघांचंही बरोबर होतं. आपल्या जुन्या मोडी कागदांतही शब्द सुटे नसतात, विरामचिन्हं नसतात. कुठे थांबायचं, ते वाचणाऱ्यानं ओळखायचं.

संगीताच्या कागदाचंही असं होतं बरं का! योहान सेबास्टियन बाख या जर्मन संगीतकारानं १७२०च्या सुमारास एकट्या चेलोसाठी सहा रचना लिहिल्या. युरोपातल्या त्या काळच्या संगीताला ‘बरोक’ म्हणतात. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. चार तारा, गुडघ्यांत धरायचा, गजानं वाजवायचा. त्या काळी तो बहुतेक वेळा साथीलाच असे. आपल्याकडे सारंगीचंही तसंच होतं. विसाव्या शतकात मुंबईच्या पंडित रामनारायण यांनी तिला एकटीला मैफलीत मानानं बसवलं.

बाखच्या हातचा मूळ कागद आज उपलब्ध नाही. त्याची पत्नी आना माग्दालेना हिनं केलेली नक्कल आहे, शिवाय अठराव्या शतकातल्या आणखी तीन नकला आहेत. पण गजाच्या एका ओढीत किती सूर घ्यायचे, यावर या चौघींचं एकमत नाही! कुठे जोरात, कुठे हळू, हेही बहुतेक ठिकाणी लिहिलेलं नाही. ते वादकानंच ठरवायचं.

१८९० साली स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात तेरा वर्षांच्या पाब्लो कासाल्सला एका दुकानात या रचनांची जुनी प्रत मिळाली. तोवर बरेच जण त्यांना सरावाचे धडेच समजत. पाब्लोनं बारा वर्षं रियाज केला, मगच त्या लोकांपुढे वाजवल्या. १९३६ ते १९३९ या काळात त्यानं सहाही रचना ध्वनिमुद्रित केल्या.

आता तुमची पाळी! घरच्या मोबाइलवर पहिल्या रचनेचा पहिला भाग लावा. तो जेमतेम अडीच-तीन मिनिटांचा आहे. सुरुवातीला खालचा एकच सूर तानपुऱ्यासारखा पुन्हा पुन्हा येतो. तो धरून ठेवा. वरचे सूर त्याच्यापासून दूर जातात, परत येतात. वाद्य एकच, पण दोघं बोलताहेत असं वाटेल.

मग तोच भाग दुसऱ्या वादकाचा ऐका. कोण कुठे रेंगाळला? कोण घाईत निघाला? वहीत लिहा. आणि कोणाचं आवडलं, तेवढंच लिहू नका. का आवडलं, तेही लिहा. आमच्या वर्गातल्या त्या दोन तटांनाही मी हेच विचारलं होतं, “शब्द बदलायचा नाही. पण तिथंच का थांबलात, ते सांगा!”