नभोवाणीवरील एक सुसंस्कृत मतभेद

लेखकांना व विचारवंतांना नभोवाणीवर पाचारण करून धर्म, समाज आणि जागतिक घडामोडी यांविषयी त्यांच्याशी संवाद साधण्याची प्रथा जुनी आहे. मात्र अशा कार्यक्रमांत बहुधा एक जण प्रश्न विचारतो आणि दुसरा व्याख्यान देतो. दोन तुल्यबळ माणसांनी परस्परांचे म्हणणे खोडून काढावे आणि श्रोत्यांनी ते ऐकावे, असे प्रसंग विरळाच. २८ जानेवारी १९४८ रोजी बी.बी.सी.च्या ‘थर्ड प्रोग्रॅम’वरून प्रक्षेपित झालेला बर्ट्रांड रसेल आणि फादर फ्रेडरिक कोपलस्टन यांचा संवाद हा असा एक प्रसंग होय. विषय होता ईश्वराचे अस्तित्व.

या घटनेचे महत्त्व कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. बी.बी.सी. ही राजसनदेने स्थापन झालेली आणि श्रोत्यांच्या परवाना-शुल्कावर चालणारी संस्था. ख्रिस्ती धर्माच्या मूलतत्त्वांवर आक्षेप घेणाऱ्यांना तिच्या प्रारंभीच्या काळात ध्वनिक्षेपकापुढे सहसा स्थान मिळत नसे. महायुद्धाच्या वर्षांत तर प्रत्येक शब्द तपासला जाई. १९४१ ते १९४३ या काळात जॉर्ज ऑर्वेल यांनी याच संस्थेच्या पौर्वात्य विभागात भारतीय श्रोत्यांसाठी साहित्यविषयक संभाषणे योजली. १९४२ मधील ‘व्हॉइस’ या मालिकेत मुल्कराज आनंद, टी. एस. एलियट यांच्यासमवेत महाराष्ट्रातून गेलेल्या वेणू चितळेही सहभागी होत्या. परंतु ही संभाषणे आधी लिहिली जात, नियंत्रकांकडून संमत होत आणि मग वाचली जात. तेथील मतभेदही मंजुरी मिळालेला असे. युद्ध संपले, १९४६ मध्ये ‘थर्ड प्रोग्रॅम’ सुरू झाला आणि धर्मविषयक वादास हळूहळू वाव मिळू लागला. तरीही प्रश्न उरलाच. बहुसंख्य श्रोते श्रद्धावान असताना सार्वजनिक संस्थेने श्रद्धेवर शंका घेणाऱ्यास व्यासपीठ द्यावे काय?

रसेल तेव्हा पंचाहत्तर वर्षांचे होते, कोपलस्टन चाळिशीतले. एक विख्यात गणिती व तत्त्वज्ञ. दुसरे जेझुइट धर्मगुरू, पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या बृहद् इतिहासाचे लेखक. आरंभीच दोघांनी एक गोष्ट केली, ती सभासंमेलनांतून क्वचितच घडते. ‘ईश्वर’ या शब्दाचा कोणता अर्थ गृहीत धरायचा, हे त्यांनी आधी ठरवून घेतले : जगाहून भिन्न, जगाचा निर्माता असा परमपुरुष. रसेल यांनी आपण निरीश्वरवादी नसून अज्ञेयवादी आहोत, असेही स्पष्ट केले.

मग कोपलस्टन यांनी मांडणी केली. जगातील प्रत्येक वस्तू आपल्या अस्तित्वासाठी दुसऱ्या कशावर तरी अवलंबून असते. अशा परावलंबी वस्तूंची मालिका कितीही लांबविली तरी तिचा उलगडा होत नाही. म्हणून स्वयंभू अशी सत्ता मानावी लागते. रसेल यांचे उत्तर असे, की ‘अपरिहार्य’ हे विशेषण विधानांना लागू पडते, वस्तूंना नव्हे. शिवाय प्रत्येक माणसाला आई असते, म्हणून मानवजातीलाही एक आई असली पाहिजे, असे अनुमान निघत नाही. विश्व आहे, एवढेच म्हणता येते. त्यावर कोपलस्टन यांनी टोला दिला, की जो बुद्धिबळाच्या पटावर बसायलाच नकार देतो, त्याच्यावर मात करता येणार नाही, हे उघडच आहे.

चर्चा नीतीकडे वळली तेव्हा मात्र रसेल यांची बाजू काहीशी लंगडी पडली. पिवळे आणि निळे यांतील भेद जसा दृष्टीस कळतो तसा बऱ्यावाइटाचा भेद भावनेस कळतो, असे ते म्हणाले. बेलसेन येथील छळछावणीच्या प्रमुखाचे काय, असा प्रश्न येताच त्यांनी काविळीचा दाखला दिला : कावीळ झालेल्यास सारे पिवळे दिसते, ते चूक आहे हे सिद्ध करता येत नसले तरी बहुतेकांचे तसे मत असते. युद्धातील संहाराच्या आठवणी ताज्या असताना हे उत्तर कित्येकांना अपुरे वाटले असल्यास नवल नाही. बहुसंख्येचे मत म्हणजे नीती, हे रसेल यांनी स्वतः अन्य प्रसंगी कधीच मान्य केले नसते.

अखेरपर्यंत कोणीही माघार घेतली नाही. निर्णय देण्यासाठी अध्यक्ष नव्हता, आणि कोणाचा आवाजही चढला नाही. पुढे १९५७ मध्ये रसेल यांच्या धर्मविषयक निबंधसंग्रहाच्या ब्रिटिश आवृत्तीत हा संवाद समाविष्ट झाला. कोपलस्टन यांचे युक्तिवाद त्यांच्या प्रतिपक्षाच्याच ग्रंथात जसेच्या तसे छापले गेले. पुढे तत्त्वज्ञानाच्या वर्गांतून ईश्वरविषयक प्रमाणे शिकविताना हा संवाद वाचला जाऊ लागला.