स्वप्नांतील जाग

वाघ पाठीस लागला आहे, पळावें तर पाय उचलत नाहींत, आणि इतक्यांत मनांत येतें कीं, हें तर स्वप्न आहे! विद्यार्थिमित्रहो, असा अनुभव तुमच्यापैकीं कित्येकांस आला असेल. बहुधा हा विचार येतांच मनुष्य जागा होतो. परंतु कधीं कधीं झोप मोडत नाहीं, स्वप्न पुढें चालूच राहतें, आणि पाहणारा तें स्वप्न म्हणूनच पाहतो. अशा स्वप्नास येथें आपण ‘जाणतें स्वप्न’ म्हणूं. निरनिराळ्या पाहण्यांवरून असा अंदाज आहे कीं, सुमारें निम्म्या माणसांस हा अनुभव आयुष्यांत एकदां तरी येतो.

ही गोष्ट नवी नव्हे. ख्रिस्तापूर्वीं चौथ्या शतकांत ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल ह्यानें स्वप्नांवरील निबंधांत तिची नोंद केली आहे. तिबेटांतील बौद्ध साधक शतकानुशतकें तिचा अभ्यास करीत आले आहेत. ख्रिस्ती वाङ्मयांतही तिची एक प्रसिद्ध कथा आहे. उत्तर आफ्रिकेंतील हिप्पो येथील बिशप संत ऑगस्टीन ह्यांनीं इ. स. ४१५ च्या सुमारास एका मित्रास लिहिलेल्या पत्रांत ती सांगितली आहे. गेन्नाडियस नांवाचा एक परोपकारी वैद्य होता. तरुणपणीं त्यास मरणोत्तर जीवनाविषयीं संशय वाटे. एके रात्रीं त्याच्या स्वप्नांत एक तरुण आला. दुसऱ्या रात्रीं तोच पुन्हां दिसला व विचारूं लागला कीं, तुझें शरीर आतां कोठें आहे? वैद्य म्हणाला, बिछान्यांत. तुझे डोळे मिटलेले आहेत, हें तुला ठाऊक आहे काय? ठाऊक आहे. तर मग तूं मला कोणत्या डोळ्यांनीं पाहत आहेस? वैद्यास उत्तर सुचेना.

त्या प्रश्नाच्या उत्तराची वाट दिसण्यास पंधराशेंहून अधिक वर्षें लागलीं. १९५३ सालीं शिकागो विद्यापीठांतील यूजीन ॲसेरिन्स्की व नॅथॅनिएल क्लाइटमन ह्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, झोपेच्या कांहीं भागांत मिटलेल्या पापण्यांआड डोळे भरभर हालतात. अशा वेळीं निजलेल्यास उठविलें तर तो बहुधा स्वप्न सांगतो. ही अवस्था सुमारें दर दीड तासानें येते व पहाटेकडे अधिक लांबते. तेव्हां मेंदू पुष्कळ अंशीं जागृतीप्रमाणेंच कामांत असतो; मात्र हातापायांचे स्नायू सैल पडतात, म्हणून स्वप्नांत धांवणारा बिछान्यांतून धांवत सुटत नाहीं. विवेकाशीं संबंध असलेला मेंदूचा पुढील भागही मंद असतो, म्हणून वाटेल ती विसंगति आपणांस खरी वाटते. जाणत्या स्वप्नांत हा विवेक कांहींसा जागा होतो.

परंतु निजलेला मनुष्य झोपेंत खरोखरच जाणता होता, कीं उठल्यावर त्यास तसें वाटलें, हें कसें ठरवावें? हातपाय हालत नाहींत, पण डोळे हालतात. ह्यांतच किल्ली सांपडली. एप्रिल १९७५ मध्यें इंग्लंडांतील हल विद्यापीठांत कीथ हर्न ह्यांनीं एका गृहस्थाशीं आधींच संकेत ठरविला कीं, स्वप्नाचें भान येतांच डोळे डावीउजवीकडे ठराविक वेळां फिरवावे. यंत्राच्या कागदावर ती खूण उमटली, आणि गृहस्थ तर झोपेंतच होता! अमेरिकेंत स्टॅन्फर्ड विद्यापीठांतील स्टीफन लाबर्ज ह्यांनीं स्वतंत्रपणें हेंच सिद्ध करून १९८१ सालीं प्रसिद्ध केलें. २०२१ सालीं अमेरिका, फ्रान्स, जर्मनी व नेदरलँड्स येथील संशोधकांनीं तर निजलेल्यांस प्रश्नच विचारले. आठांतून सहा वजा केल्यास किती, ह्याचें उत्तर एकानें झोपेंतूनच डोळे दोनदां फिरवून दिलें. मात्र १५८ प्रयत्नांपैकीं अचूक उत्तरें सुमारें १८ टक्केच आलीं. बहुतेक वेळां उत्तर मिळालें नाहीं.

ह्याचा उपयोग काय, असें कोणी विचारील. ज्यास तेंच तें भयंकर स्वप्न वारंवार पडतें, त्यास हें भान साह्य करूं शकतें. वाघ स्वप्नांतला आहे हें कळल्यावर पळण्याऐवजीं मागें वळून त्याच्याकडे पाहतां येतें. ह्याची संवय दिवसां लावावी लागते. ‘मी जागा आहें काय?’ असें मधून मधून स्वतःस मनापासून विचारावें. लिहिलेली ओळ दोनदां वाचून पाहावी, कारण स्वप्नांत अक्षरें पुष्कळदां बदलतात. आणि निजतांना ‘स्वप्न पडेल तेव्हां मी तें ओळखीन’ असा निश्चय करावा. मात्र ह्या नादानें झोपमोड करूं नये. तुमच्या वयास रोज आठ ते दहा तास झोप हवी, आणि परीक्षेच्या दिवसांतही ती हवीच.

राहतां राहिला वैद्याचा प्रश्न. पाहणें हें केवळ डोळ्यांचें काम नसून मेंदूचें आहे, आणि मेंदू बिछान्यांत शरीराबरोबरच असतो, असें उत्तर आज देतां येतें. तेव्हां अशा स्वप्नावरून मरणोत्तर जीवन सिद्ध झालें, असें म्हणणें धाडसाचें होईल. आपला विश्वास ह्या पुराव्यावर उभारलेला नाहीं. म्हणून शास्त्राचें उत्तर ऐकतांना भिण्याचेंही कारण नाहीं. जो दिवसां डोळे उघडे ठेवून प्रश्न विचारतो, त्यासच झोपेंतही तो विचारण्याची बुद्धि होते, एवढें मात्र ह्यांतून निश्चित दिसतें.