आपल्या झऱ्यांचा नकाशा आपणच काढू

मैत्रिणींनो, विहिरीनं तळ गाठला की आपण हंडा घेऊन डोंगराची वाट धरतो. कुठला झरा होळीलाच आटतो, कुठला मे महिन्यातही टिकतो, हे आपल्याला पाठ असतं. पण कागदावर काहीच नसतं. मग रस्ता किंवा खाण निघाली की झरा कुणाच्या हिशेबात येत नाही.

झरा येतो कुठून? सह्याद्रीत काळ्या कातळाचे थर एकावर एक आहेत, काही सड्यांवर जांभा आहे. पावसाचं पाणी जांभ्यातून, भेगांतून खाली मुरतं. घट्ट थर लागला की अडतं, आडवं सरकतं आणि उतारावर बाहेर पडतं. म्हणजे पाणी मिळतं खाली, पण मुरतं वर. नकाशात दोन्ही जागा हव्यात.

काम असं करा :

१. गटाच्या बैठकीत रांगोळीनं गाव काढा. म्हाताऱ्या बायांना आधी विचारा. बंद पडलेले झरेही दाखवा.

२. मग शिवारफेरी करा. झऱ्याचं नाव, जमीन कुणाची, किती घरं पाणी भरतात, पाणी कधीपर्यंत टिकतं, हे वहीत लिहा.

३. दर महिन्याला पाणी मोजा. १० लिटरची बादली ४० सेकंदांत भरली, तर मिनिटाला १५ लिटर, दिवसरात्र मिळून २१,६०० लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबानं ते सुमारे ३९० माणसांना पुरतं. मे महिन्यात तीच बादली भरायला ४ मिनिटं लागली, तर ३,६०० लिटर, म्हणजे जेमतेम ६५ माणसं. तेही रात्रीचं पाणी टाकीत साठवलं तरच!

४. झऱ्याच्या वरच्या बाजूला फिरा. झाडतोड, संडासाचे खड्डे, उकिरडा असेल तर खूण करा.

एक सांगणं : जास्त पाण्याच्या आशेनं झऱ्याचं तोंड फोडू नका, सुरुंग तर नकोच. भेग हलली की पाणी दुसरीकडून निघून जाऊ शकतं. करायचं ते वर करा. सिक्कीममध्ये २००८ पासून ‘धारा विकास’ कार्यक्रमात झऱ्यांच्या नोंदी करून वरच्या उतारांवर चर खणले. आटत चाललेले काही झरे पुन्हा वाहते झाले.

नकाशा तयार झाला की तो घरात ठेवू नका. ग्रामसभेत मांडा, ठराव घ्या, गावाच्या विकास आराखड्यात झरे लिहून घ्या. हंडा आपल्या डोक्यावर आहे, तर पाण्याची वहीही आपल्याच हातात असू दे.