बुजलेली वाट की मुद्दाम बसवलेला बूच?

ड्रिलचं पातं वळत नाही. म्हणून जुन्या मोटरसायकलच्या क्रँककेसमध्ये तेलाला वळण द्यायचं तर कारखाना बाहेरून दोन सरळ भोकं पाडून आत एकमेकांना भेटवत असे आणि नको असलेलं तोंड बूच ठोकून किंवा स्क्रू बसवून बंद करत असे. तेव्हा बंद तोंड दिसलं की लगेच ड्रिल उचलू नये. आधी ऑइल-कॅनने तेल सोडून ते कुठून बाहेर येतं ते पाहावं.

खरा गाळ साचतो बुचामागच्या आंधळ्या टोकाला. केसिंग चकचकीत करायला वाळू किंवा काचेच्या मण्यांचा मारा केला असेल, तर कणही तिथेच दडतात आणि नव्या बेअरिंगवर उतरतात. नुसत्या हवेच्या झोताने ते निघतीलच असं नाही. बूच काढून, रॉकेल आणि लांब ब्रशने घासावं लागतं. मग तोंड पुन्हा बंद करायला आटे पाडून ग्रब स्क्रू बसवावा. तो लांब झाला तर आडवी वाट अडते. चांगल्या मेकॅनिककडूनही हे होतं!

जुन्या ट्रायम्फ, बीएसए जोडसिलिंडरमध्ये क्रँकशाफ्टच्या आतही गाळ धरणारी नळी असते. केस उघडलीच आहे, तर तीही साफ करावी.